पडद्याची उजवी बाजू

मागच्या वर्षी ऐन उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. नव्या चष्म्याचा नंबर मिळायला महिना-सव्वा महिना लागणार होता आणि तोवर शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, बारीक अक्षर तिला लागणार नव्हते. मी रोज संध्याकाळी एक अध्याय वाचून दाखवीत असे; पण ३४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवल्यामुळे माझ्या वाचनाला दम दिल्यासारखा एक सूर आला आहे, आणि तो ८४ वर्षांच्या बाईला सोसवेना. पाचव्या दिवशी तिने मला एका वचनाच्या मध्येच थांबवले. "माय, त्यो पडद्यावरचा येशू दाखीव की. मोबाइलमदी समदं असतंय म्हणतेत," असे ती म्हणाली.

पडद्यावरचा येशू म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले, तेव्हापासून या भागातल्या ख्रिस्ती घरांचे शाळा, दवाखाना आणि देऊळ (चर्च) यांच्याशी नाते मिशनच्या आवारातूनच जुळत आले, आणि सिनेमाशीही तसेच जुळले. माझ्या लहानपणी नाताळानंतरच्या आठवड्यात आमच्या आवारात एक जीप यायची. दोन लिंबांच्या मध्ये पांढरा पडदा ताणून बांधला जायचा. जनरेटर भिंतीआड ठेवीत, तरी त्याची धडधड शेवटच्या भोजनाच्या प्रसंगापर्यंत सोबतीला असायचीच. १६ मिलिमीटरच्या फितीचे रीळ संपले, की पडदा एकदम पांढराफेक पडायचा आणि दुसरे रीळ चढेपर्यंत तरुण संघातले कुणीतरी गीत उचलून धरायचे. 'दयासागर' मी असाच, १४व्या वर्षी पाहिला. मूळ तेलुगू 'करुणामयुडु' १९७८ सालचा. विजयचंदर यांनी त्यात येशूचे काम केले होते. त्याच्या हिंदी अवताराने जीपगाड्यांतून किती गावे पालथी घातली असतील, याचा हिशेब एखाद्या संशोधकानेच मांडावा.

तिकीट नव्हते. जीपवाल्यांना जेवू घालायचे, एवढाच आमच्या बाजूचा खर्च, आणि तोही पाळकसाहेबांच्या चुलीवरचा. रिळे कुणाची, डिझेल कुणाचे, चित्रपट काढायला पैसे कुणी घातले, हे आम्ही कधी विचारले नाही. देवळाच्या भिंतीवर दहा आज्ञांची पाटी होती आणि तिच्यातल्या 'चोरी करू नको' या आठव्या आज्ञेशी आपल्या सिनेमा पाहण्याचा काही संबंध येईल, असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसते.

आईची आठवण मात्र माझ्याहून वेगळी आहे. तिचे माहेर अंबड तालुक्यातले. तिथे जीप आवारात नव्हे, गावात पारापाशी थांबायची, कारण सिनेमा सगळ्या गावाला दाखवायचा असे. पडद्याच्या पुढे गाव बसायचे आणि वस्तीतली माणसे पडद्याच्या मागे बसायची. कापड पातळ असे, चित्र दोन्ही बाजूंनी दिसे, त्यामुळे कुणाला काही बोलावे लागत नसे. मागून पाहिलेले चित्र उलटे असते, एवढेच. "येशू डाव्या हातानं आशीर्वाद द्यायचा. आमाला वाटायचं, त्यो डावखुराच हाय," असे आई हसत हसत सांगते. लग्न होऊन जालन्याला आल्यावर, आवारात, पुढच्या बाजूला सतरंजीवर बसून तिने पहिल्यांदा त्याचा उजवा हात पाहिला. ही गोष्ट आम्ही भावंडे पुष्कळ वर्षे विनोद म्हणून ऐकत आलो.

तर मी मोबाइल घेऊन बसले. 'येशूचे चित्रपट मोफत' असे शब्द घालून शोधल्यावर जे काही समोर आले, त्यातल्या पहिल्याच दुव्यावर माझी फजिती झाली. चित्रपटाचे मोठे चित्र, त्याच्यावर बाण, बाणावर बोट ठेवले की एक फॉर्म. वय पडताळण्यासाठी कार्डाचा नंबर द्या, एक रुपयाही कापला जाणार नाही, असे त्यात लिहिले होते. निवृत्त शिक्षिकेने फॉर्म दिसल्यावर तो भरायचा नाही, तर कुणी भरायचा? चित्रपट काही सुरू झाला नाही. तिसऱ्या दिवशी खात्यातून ८४९ रुपये गेल्याचा मेसेज मात्र आला. बँकेत जाऊन कार्ड बंद करून घेतले. काउंटरवरच्या मुलाने कशासाठी कार्ड वापरले होते, ते विचारले. प्रभूचा सिनेमा पाहण्यासाठी, हे उत्तर त्या रांगेत उभे राहून द्यायला मला फार जड गेले. जी जागा खरोखर मोफत असते, ती कार्ड मागत नाही. फार तर ईमेल मागते. हे ज्ञान मला ८४९ रुपयांत मिळाले आणि ते मी पुढे सगळ्यांना फुकट वाटते आहे.

भाच्याला हे कळल्यावर त्याने कपाळावर हात मारून घेतला. "मावशे, मला सांगायचं ना," म्हणत त्याने टेलिग्रामवरून एक अगदी नवा चित्रपट पाठवून दिला. तो मी टीव्हीला जोडला. चित्र जरा तिरके होते आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमत होता. गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेच्या वेळी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातून एका माणसाचे डोके उठले, हातात पॉपकॉर्नचा डबा घेऊन सावकाश डावीकडून उजवीकडे गेले आणि दिसेनासे झाले. थिएटरात बसून कुणीतरी मोबाइलवर केलेले हे चित्रण होते. असे चित्रण करणे हा आपल्याकडे साधासुधा खोडसाळपणा नाही. २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने त्याला ३ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड ठेवला आहे. भाच्याला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "आपण थोडंच काढलंय?" हा युक्तिवाद मी वर्गात, आंबे कुणी पाडले याच्या चौकशीत, शेकडो वेळा ऐकलेला आहे.

तिसरा प्रयत्न यूट्यूबवर झाला आणि तो या सगळ्या प्रकरणाचा कणा ठरला. एका वाहिनीवर पूर्ण लांबीचा, स्वच्छ चित्राचा, हिंदीत आवाज दिलेला चित्रपट मिळाला. कार्ड नाही, फॉर्म नाही, डोके नाही. भोवती निळसर चौकट होती आणि पात्रे किंचित घाईत बोलत होती, पण हल्ली सगळेच घाईत बोलतात, म्हणून मी तिकडे लक्ष दिले नाही. आई खुर्चीत पुढे झुकून बसली होती. दहा-बारा मिनिटे झाली असतील. येशूने एका लेकराच्या डोक्यावर हात ठेवला आणि आई मागे टेकली.

"ह्यो मागूनचा हाय," ती म्हणाली.

मला कळेना. तिने पडद्याकडे बोट केले. "हात बग की त्याचा. डावा हाय. आपल्याला पुन्ना मागं बसवलंय व्हय?"

मी चित्रपट सुरुवातीला नेला. नामावलीतली अक्षरे उलटी होती. चौकटीखाली निम्मी झाकली गेल्याने मला ती दिसलीच नव्हती. दुसऱ्याचा चित्रपट चोरून चढवणारे लोक चित्र आरशातल्यासारखे उलटवतात, आवाज थोडा जलद करतात, कडेला चौकट लावतात, म्हणजे यूट्यूबच्या यंत्राला मूळ चित्रपटाची ओळख पटत नाही, असे भाच्याने नंतर मला समजावून सांगितले. यंत्र फसले, पडद्यामागे बसून बालपण काढलेली बाई फसली नाही. मी तो चित्रपट बंद केला. लहानपणापासून हसत ऐकलेली गोष्ट विनोदाची नव्हती, हे त्या संध्याकाळी मला प्रथम नीट कळले, आणि शोध मी त्यानंतर खऱ्या अर्थाने मनावर घेतला. आईला पुढच्या बाजूने दिसेल असा चित्रपट हवा होता. म्हणजेच, ज्याचा आहे त्याने स्वतः उजळ माथ्याने समोर ठेवलेला.

तसा पहिला मिळाला तो १९७९ सालचा 'जीझस'. लूककृत शुभवर्तमानावर, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकावर, आधारलेला हा चित्रपट जॉन हेमन यांनी निर्माण केला, त्याचे चित्रीकरण इस्राएलमध्ये झाले आणि ब्रायन डीकन या ब्रिटिश नटाने त्यात येशूचे काम केले. २००० हून अधिक भाषांत त्याचे भाषांतर झालेले आहे. जगात सर्वांत जास्त भाषांत गेलेला चित्रपट म्हणून त्याची नोंद होते. या भाषांत मराठीही आहे. जीझस फिल्म प्रोजेक्ट या संस्थेच्या संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तो पैसे न देता पाहता येतो आणि अ‍ॅपमध्ये उतरवून ठेवता येतो. ही उतरवून ठेवण्याची सोय आमच्याकडे फार मोलाची आहे, कारण दिवसाचा दीड जीबीचा डेटा संपणे आणि वीज जाणे या दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेळी, रात्रीच्या जेवणानंतर घडतात. मी पहाटे चारला उठून तो उतरवून घेतला.

मराठी आवाज सुरू झाला तेव्हा आई सावरून बसली. ती 'दयासागर'चे हिंदी ऐकत आलेली. येशू मराठी बोलतो, हे तिने कागदावर आयुष्यभर वाचले होते, पडद्यावर ऐकले नव्हते. ओठांची हालचाल आणि शब्द यांचा मेळ काही ठिकाणी बसत नाही, आणि भाषा इतकी स्वच्छ आहे, की गालीलच्या कोळ्यांनी पुण्यात शिकवण्या लावल्या असाव्यात असे वाटते. पण उधळ्या पुत्राची गोष्ट सुरू झाली, तसे आईचे ओठ पुढच्या वाक्याच्या आधी हलू लागले. चित्रपटाच्या लेखनात लूकची चौकट सोडलेली नाही, म्हणून तिला पुढचे माहीत होते. मी त्या रात्री पडद्यापेक्षा तिच्याकडेच अधिक पाहिले.

मोफत या शब्दाचा माझ्या मनातला अर्थ इथे थोडा सरकला. हा चित्रपट आम्हाला फुकट मिळाला, याचा अर्थ तो फुकट झाला असा नाही. आमच्या आधी कुणीतरी त्याचे पैसे भरलेले आहेत. ज्यांनी कधी जालना पाहिले नाही, अशा माणसांच्या देणग्यांतून त्याचे मराठी ध्वनिमुद्रण झाले. जीपच्या डिझेलचेही तेच होते. तेव्हापासून कुठलाही दुवा समोर आला, की मी किंमत पाहण्याआधी हे कुणी दिले आहे ते पाहते, आणि देणारा दिसत नसेल तर पुढे जात नाही.

यातून एक साधी युक्ती हाती लागली. यूट्यूबवर चित्रपट शोधून मग तो खरा आहे का हे तपासत बसण्याऐवजी, आधी तो चित्रपट काढणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जावे आणि तिथे दिलेल्या दुव्यावरून तिच्या यूट्यूब वाहिनीवर उतरावे. पाहुण्याच्या घरी पुढच्या दाराने जावे, तसे हे आहे. बायबलप्रोजेक्टची छोट्या रेखाचित्रपटांची, म्हणजे अ‍ॅनिमेशनची, मालिका मी अशीच गाठली. अमेरिकेतल्या पोर्टलँडमध्ये २०१४ साली सुरू झालेला हा उपक्रम देणग्यांवर चालतो आणि त्याची हिंदी आवृत्ती चांगली आहे. नातवंडांसाठी 'सुपरबुक' ही बायबलमधल्या गोष्टींची रेखाचित्रपट-मालिका मिळाली. त्याची मूळ मालिका १९८१ साली जपानमध्ये तयार झाली आणि नवी २०११पासूनची. तिचे अ‍ॅप मोफत आहे. रिडीमटीव्ही नावाची एक देणगीवर चालणारी जागा आहे, तिथे नाव नोंदवले की इंग्रजी चित्रपट आणि मिशनऱ्यांवरचे रेखाचित्रपट पाहता येतात. तमिळनाडूतल्या दोहनावुरला देवदासी होऊ घातलेल्या मुलींना वाचवणाऱ्या एमी कार्मायकेल यांच्यावरचा रेखाचित्रपट मी तिथेच पाहिला. चारही शुभवर्तमाने शब्दशः पडद्यावर आणणारा लुमो प्रकल्पही ऐकण्या-पाहण्यासारखा आहे, मात्र तो एका बैठकीत पाहू नये. एकेक अध्याय घ्यावा.

इंग्रजी याद्यांबद्दल मात्र सावध करावेसे वाटते. अमेरिकन माणूस अशी यादी करतो, तेव्हा टुबी या चित्रपट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर मोफत पाहा, कॅनोपी किंवा हूप्ला या तसल्याच जागांवर लायब्ररीच्या कार्डाने पाहा, असे सहज लिहून जातो. टुबी भारतात चालत नाही आणि कॅनोपीला लागणारे कार्ड तिच्याशी जोडलेल्या ग्रंथालयाचे किंवा विद्यापीठाचे असावे लागते. आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्डावर दोन पुस्तके आणि एक दिवाळी अंक मिळतो, आणि तो अंकही दिवाळीनंतर बऱ्याच महिन्यांनी. आपण दुसऱ्या देशात आहोत असे भासवणारे व्हीपीएन वापर, असा सल्ला भाच्याने दिला होता. पण आईसाठी पुढच्या दाराने जायचे ठरवल्यावर मागचे कुंपण ओलांडणे मला पटेना. जस्टवॉच हे संकेतस्थळ त्यापेक्षा कामाचे आहे. त्यात भारत निवडून चित्रपटाचे नाव घातले, की तो आपल्याकडे अधिकृतपणे कुठे आहे आणि तिथे मोफत आहे की पैसे देऊन, हे कळते.

भाच्याला ज्या चित्रपटाची ओढ होती तो खरे तर चित्रपट नव्हता, 'द चोझन' ही मालिका होती. डॅलस जेन्किन्स यांची ही मालिका २०१९पासूनची. पहिल्या भागमालेसाठी हजारो सामान्य प्रेक्षकांनी मिळून १ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गुंतवली होती. तिचे स्वतःचे अ‍ॅप आहे आणि त्यावर ती पैसे न देता दिसते. नव्या भागांसाठी मात्र थांबावे लागते, कारण ते आधी थिएटरात किंवा पैसे देऊन पाहण्याच्या ठिकाणी जातात. भाचा रात्र-रात्र ती पाहू लागला. टेलिग्रामवरून तो जे उचलत होता, तेच देणाऱ्यांनी त्याच्यासाठी समोर मांडून ठेवले होते, हे त्याला कळायला माझे सहा महिने गेले. आईने मात्र दोन भाग पाहून मान हलवली. शिष्यांची घरे, बायका, कर्जे, भांडणे यांची जी भर त्यात घातली आहे, ती तिला रुचली नाही. "हे शास्त्रात कुठं हाय?" असे ती दर दहा मिनिटांनी विचारायची. मला स्वतःला ती भर आवडली. कीर्तनकार आख्यानात रंग भरतो तेव्हा आपण पोथी उघडून बसत नाही, असे मी तिला म्हणून पाहिले. पण तिचा मुद्दा असा, की कीर्तनकार समोर उभा असतो, त्याला थांबवून विचारता येते.

आणि मग मुक्या चित्रपटांचा शोध लागला, तो फाळक्यांमुळे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१०-११च्या सुमारास मुंबईत गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण आणि रामचंद्र उभे राहिले, हे त्यांनी पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' त्या ध्यासातून झाला. म्हणजे या देशाच्या सिनेमाचे मूळ एका ख्रिस्ती चित्रपटाच्या खेळापर्यंत जाते, हे मी वर्गात कितीदा शिकवले होते. पण तसले चित्रपट आज कुणीही, कुठेही, कुणालाही न विचारता पाहू शकतो, हे मला ५९व्या वर्षी कळले.

कारण कायद्याचे आहे आणि ते समजून घेण्याजोगे आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क तो प्रसिद्ध झाल्यानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो; त्यानंतर तो सगळ्यांचा होतो. सेसिल बी. डेमिल यांचा १९२७चा 'द किंग ऑफ किंग्ज' अमेरिकेतही १ जानेवारी २०२३ रोजी मुक्त झाला. सिडनी ओल्कॉट यांचा १९१२चा 'फ्रॉम द मॅन्जर टू द क्रॉस' तर पॅलेस्टाइन आणि इजिप्तमध्ये जाऊन चित्रित केलेला आहे. इंटरनेट अर्काइव्हवर असे चित्रपट मिळतात, पण तिथेही कुणीही काहीही चढवू शकतो, तेव्हा साल स्वतः तपासावे. आणखी एक खाच आहे. चित्र जुने असले, तरी त्याच्यावर बसवलेले संगीत कालपरवाचे आणि हक्काचे असू शकते. घरी पाहताना त्याने अडत नाही. चारचौघांत दाखवायचे झाले, तर आवाज बंद ठेवावा.

'द किंग ऑफ किंग्ज' आम्ही दोघींनी तीन रात्री मिळून पाहिला. सुरुवातीलाच मग्दालीया मरीया झेब्रे जुंपलेल्या रथातून निघते. मी इंग्रजी पाट्या वाचून मराठीत सांगत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "पट्ट्यापट्ट्याचे गाढवं हायेत व्हय?" आणि आम्ही दोघी इतक्या हसलो, की चित्रपट थांबवावा लागला. त्यानंतरचा प्रसंग मात्र मी विसरणार नाही. डेमिलने येशूला बराच वेळ दाखवलेलेच नाही. एक आंधळी लहान मुलगी चाचपडत त्याच्याकडे येते. पडदा काळा होतो. मग अंधारात उजेडाची एक रेघ, मग धूसर पांढरे, आणि त्या पांढऱ्यातून हळूहळू त्याचा चेहरा, म्हणजे त्या मुलीच्या उघडणाऱ्या डोळ्यांना दिसतो तसा. आईच्या डोळ्यावरची हिरवी पट्टी निघून त्या दिवशी १६ दिवस झाले होते. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "असंच दिसतंय. आदी पांढरं दिसतंय."

उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले. आईने त्यांना सगळे रंगवून सांगितलेले असणारच. देवळासमोरच्या अंगणात मंडळीसाठी एखादा चित्रपट लावता येईल का, असे त्यांनी विचारले आणि तरुण संघाच्या एका मुलाने लगेच एका नव्या चित्रपटाचे नाव घेतले. घरी पाहणे वेगळे आणि शंभर माणसांना दाखवणे वेगळे, हे मला तोवर कळून चुकले होते. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात धार्मिक विधीच्या वेळी गाण्या-वाजवण्याला सूट आहे, पण त्या ओळीत चित्रपटाचा समावेश नाही. तिकीट लावले नाही म्हणून परवानगी लागत नाही, असा समज आमच्याकडे सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे. "देवाच्या कामाला कोण अडवतंय?" असे तो मुलगा म्हणाला. पाळकसाहेबांनी भिंतीवरच्या आठव्या आज्ञेकडे नुसते पाहिले. माणूस मितभाषी आहे.

शेवटी पाते कंपनीचा १९०३च्या सुमारचा फ्रेंच मूकपट निवडला. पाऊण तासाच्या आत संपतो. रंगवलेले पडदे, एका जागी रोवल्यासारखा कॅमेरा, आणि छिद्रांच्या साच्यातून फितीवर हाताने भरलेले रंग. आवाज पूर्ण बंद ठेवून पेटी, ढोलकी आणि टाळ आपले आणायचे ठरले. भजने रेव्हरंड नारायण वामन टिळकांची घेतली. ते १९१९ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्कही कधीच सरला आहे आणि ते आमच्या मंडळीला तोंडपाठ आहेत. पाट्या मराठीत सांगायचे काम माझ्याकडे आले. माझा दम भरणारा सूर पहिल्यांदाच कुणाला तरी हवा होता.

लिंब आता एकच उरला आहे. दुसरीकडचे टोक देवळाच्या खिडकीच्या गजाला बांधले. प्रोजेक्टर शिकवणीवाल्या मुलाचा आणला, वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर जोडून ठेवला, आणि गंमत म्हणजे त्या रात्री वीज गेलीच नाही. भाच्याने आईची खुर्ची सगळ्यांच्या पुढे, पडद्याच्या बरोबर मध्यावर आणून ठेवली. चित्र सुरू झाले आणि थोड्याच वेळात पुढच्या सतरंजीवरची पोरे एकेक करून उठून पडद्यामागे पळाली. तिथून उलटे दिसते, याचा शोध त्यांना आपोआप लागला होता आणि त्यांचे खिदळणे ढोलकीच्या वर ऐकू येत होते. महिला मंडळाच्या एक बाई त्यांना दटावायला उठल्या, तेव्हा आईने हात करून त्यांना खाली बसवले. "ऱ्हाऊ द्या त्यास्नी. हौसेनं गेलेत," ती म्हणाली.

शेवटच्या भोजनाच्या प्रसंगाला मी पाटी सांगितली आणि पेटी थांबली. नवा चष्मा नाकावर नीट बसवीत आईने मान थोडी पुढे काढली, बराच वेळ पडद्याकडे निरखून पाहिले आणि शेजारी सतरंजीवर बसलेल्या भाच्याच्या खांद्यावर थोपटून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितले, "उजवा हाय बग."